प्रकाशनपूर्व नोंदणीदारांना कबूल केलेली स्वाक्षरांकित प्रत प्रदर्शनात अधिक सवलतीने विकणे न्याय्य आहे का?

प्रश्न : बंदरवाट

नमस्कार. एका गोष्टीविषयी गेले काही दिवस मनात खंत आहे. ती रास्त आहे की नाही, हे पुस्तकांच्या व्यवहारातील जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून लिहितो आहे.

कोकणातील जुन्या बंदरांवरच्या एका द्विखंडी अभ्यासग्रंथासाठी मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत प्रकाशनपूर्व नोंदणी केली. छापील किंमत १,६०० रुपये, नोंदणीदारांसाठी १,१०० रुपये आणि टपालखर्च १०० रुपये, अशी योजना होती. पत्रकातील दोन वाक्ये ठळक अक्षरांत होती. एक, ‘सवलतीची मुदत संपल्यावर ग्रंथ छापील किमतीसच मिळेल’ आणि दुसरे, ‘पहिल्या ३०० नोंदणीदारांनाच लेखकाच्या स्वाक्षरीची प्रत’. माझ्या पावतीचा क्रमांक ४७ आहे. दिवाळीला येणारा ग्रंथ या वर्षीच्या श्रावणात हाती आला. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही, कारण काही नकाशे पुन्हा काढावे लागत असल्याचे प्रकाशकांनी दोनदा पत्राने कळवले होते आणि ते नकाशे खरोखर उत्तम झाले आहेत.

पुडके उघडले तेव्हा पहिल्या खंडाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. आकार पोस्टकार्डाच्या निम्मा, आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने केलेली सही. खळ जास्त लागल्यामुळे चिठ्ठीचा खालचा कोपरा फुगला होता आणि समोरच्या कोऱ्या पानाला त्याचा डाग पडला होता. मला थोडे वाईट वाटले, पण सही लेखकाचीच आहे, असे म्हणून मी ग्रंथ वाचायला घेतला.

दिवाळीनंतर आमच्या शहरात ग्रंथप्रदर्शन भरले. त्याच प्रकाशकांच्या दालनात हाच ग्रंथ चाळीस टक्के सवलतीने, म्हणजे ९६० रुपयांना, मांडलेला होता. साठ-सत्तर संच तरी असतील आणि प्रत्येकाला ‘लेखकाच्या स्वाक्षरीसह’ अशी पिवळी पट्टी गुंडाळलेली होती. मी एक संच उघडून पाहिला. शीर्षकपानावर काळ्या शाईत, तारीख घालून, अगदी सावकाश केलेली सही होती. मी दालनातील गृहस्थांना माझी पावती दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “मग तुम्हीही इथूनच घ्यायचे होते.”

मला सहीचा भाव करायचा नाही आणि हा ग्रंथ मी कधी विकणारही नाही. मात्र ग्रंथ निघेल की नाही याचीच खात्री नसताना दीड वर्ष आधी ज्यांनी पैसे दिले, त्यांना जास्त पैशांत डागाळलेली चिठ्ठी मिळते आणि जे थांबले त्यांना कमी पैशांत शीर्षकपानावरची सही मिळते, हे मला पटत नाही. यात माझी अपेक्षा अवाजवी आहे का? आणि नसेल, तर मी नेमके काय मागावे?

उत्तर : खिळे आणि शाई

मी तीस वर्षे एक छोटी प्रकाशनसंस्था चालवली आणि आता निवृत्त आहे. आपण लिहिलेला प्रसंग वाचून मला प्रकाशकाची बाजू आणि त्याची चूक, दोन्ही एकदमच दिसल्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी चिठ्ठीविषयी. असा दोन खंडांचा संच अडीच किलोच्या खाली भरत नाही. तीनशे संच म्हणजे साडेसातशे किलो वजन झाले. लेखक दुसऱ्या गावी राहत असेल आणि त्याचे वय झाले असेल, तर एवढे ओझे त्याच्या घरी नेऊन, प्रत्येक पुडके फोडून, सही घेऊन, पुन्हा बांधून परत आणणे लहान प्रकाशकाला झेपत नाही. चिठ्ठ्या मात्र एका पाकिटात जातात आणि येतात. याहून चांगला मार्ग आहे, पण तो बांधणीच्या आधीच योजावा लागतो. शीर्षकपानाच्या अलीकडे एक जास्तीचे पान धरायचे, ती सुटी पाने लेखकाकडे पाठवून सह्या करून आणायच्या आणि मग बाइंडरकडून ती पहिल्या फर्म्याला, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या पहिल्या गठ्ठ्याला, लावून घ्यायची. असे पान पुस्तकाचा भाग होते, फुगत नाही आणि निघतही नाही. आम्ही दोन पुस्तकांना तसे केले होते. बाइंडरने पानामागे थोडे जास्तीचे पैसे घेतले, एवढाच काय तो फरक. आपल्या प्रकाशकांना हे सुचले नसेल किंवा नकाशांच्या गडबडीत राहून गेले असेल. चिठ्ठी लावण्यात मला फसवणूक दिसत नाही. ती वेडीवाकडी, डाग पडेल अशी लावण्यात निष्काळजीपणा नक्कीच दिसतो.

दुसरी गोष्ट प्रदर्शनातील सह्यांची. लेखक दालनात बसलेला आहे, समोर वाचक पुस्तक उघडून उभा आहे आणि लेखक म्हणतो आहे की ही सही तीनशे जणांसाठी राखलेली आहे, असे कधी घडणार नाही आणि घडूही नये. त्यामुळे ‘नोंदणीदारांनाच स्वाक्षरी’ हे आश्वासन मुळातच पाळता न येण्यासारखे होते. ते लिहिले तेव्हाच चुकले. ‘नोंदणीदारांना स्वाक्षरीची प्रत घरपोच’ एवढे लिहिले असते तर शब्दही राखला गेला असता आणि लेखकाचे हातही मोकळे राहिले असते. पण समोर उभ्या असलेल्या वाचकाला दिलेली सही वेगळी आणि आधीच सह्या करून, पट्टी गुंडाळून विक्रीला रचलेले सत्तर संच वेगळे. दुसऱ्या प्रकाराचे समर्थन मी करू शकत नाही.

माझ्या दृष्टीने खरी चूक सवलतीची आहे आणि तिला सहीहून जास्त महत्त्व द्यावे असे मला वाटते. प्रकाशनपूर्व नोंदणीचे पैसे म्हणजे आमच्यासाठी बिनव्याजी भांडवल असते. कागदाची ऑर्डर त्यातून जाते, छपाईची पहिली उचल त्यातून दिली जाते. विक्रेत्याच्या मार्फत पुस्तक गेले तर माझ्या अनुभवात किमतीतले चाळीस टक्क्यांच्या आसपास कमिशनमध्येच जात असे आणि पैसे सहा-आठ महिन्यांनी येत. नोंदणीदार थेट आणि आधी पैसे देतो, म्हणून त्याला सवलत असते. ती त्याच्यावरची मेहेरबानी नसते, त्याने पत्करलेल्या जोखमीचा तो मोबदला असतो. त्यामुळे आमच्याकडे एक रीत होती, आणि ती मला माझ्या गुरुस्थानी असलेल्या प्रकाशकांनी शिकवली होती. निदान पहिली तीन वर्षे प्रकाशनपूर्व किमतीच्या खाली ते पुस्तक कोठेही विकायचे नाही. प्रदर्शनात गर्दी असो, गोदाम भरलेले असो, नाही म्हणजे नाही.

पूर्वी या नात्याची जाण अधिक होती, असे जुनी पुस्तके चाळताना जाणवते. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी पुस्तकांच्या अखेरीस आश्रयदात्यांची यादी छापलेली सापडते. नाव, गाव आणि किती प्रतींची वर्गणी भरली, असे सगळे त्यात असते. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग (शेअर) विकले, वर्गणीदार मिळवले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड पुरे केले. त्या सगळ्या खटाटोपाचा इतिहासही त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केला. आपण कोणाच्या पैशांवर काम केले आणि ते कसे केले, हे लोकांसमोर मांडण्याची गरज त्यांना वाटली. आजच्या प्रकाशकाने निदान नोंदणीदाराला “इथूनच घ्यायचे होते” असे ऐकवू नये.

उत्तर : जुनी पाने

मी पुस्तके जमवतो, म्हणून सहीच्या मोलाविषयी लिहितो.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात सगळ्या सह्या सारख्या धरल्या जात नाहीत. शीर्षकपानावर किंवा त्याच्या लगतच्या पानावर थेट केलेली सही पहिल्या प्रतीची मानतात. बांधणीत लावलेल्या जादा पानावरची सही तिच्यानंतर येते आणि चिकटवलेल्या चिठ्ठीवरची सही सर्वांत खाली. याचे कारण साधे आहे. चिठ्ठी कोणत्याही पुस्तकाला लावता येते आणि काढता येते, म्हणून ते पुस्तक लेखकाच्या हाती एकदा तरी होते, असे ती सांगू शकत नाही. सहीचे मोल शाईत नसतेच. लेखकाचा हात आणि वाचकाची प्रत एका क्षणी एकत्र आली होती, याची ती खूण असते. म्हणून प्रश्नकर्त्यांना वाटलेले वाईट निव्वळ हौशी माणसाचे नाही. त्यांना खरोखर कमी प्रतीची वस्तू मिळाली आहे.

या संदर्भात २०२२ सालचे बॉब डिलन यांच्या पुस्तकाचे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या निबंधांच्या पुस्तकाच्या ९०० प्रती ‘हाताने सही केलेल्या’ म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरना विकल्या. सोबत संस्थेच्या प्रमुखांच्या सहीचे खात्रीपत्रही होते. प्रती घरी पोहोचल्यावर ग्राहकांनी आपापल्या सह्यांची छायाचित्रे एकमेकांना दाखवली, तेव्हा त्या रेषेला रेष जुळत असल्याचे ध्यानात आले. सह्या यंत्राने केलेल्या होत्या. संस्थेने चूक मान्य करून पैसे परत केले. डिलन यांनीही चक्कर येण्याचा आजार आणि साथीच्या काळातील अडचणी सांगून, यंत्र वापरणे ही निर्णयातील चूक होती, असे जाहीर निवेदन दिले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की पुस्तक तेच होते, मजकूर तोच होता, सहीचा आकारही त्यांच्याच सहीचा होता. तरीही पैसे परत करावे लागले, कारण ‘हाताने’ या शब्दाचे पैसे घेतलेले होते. इथे पैसे घेतले गेले ते ‘नोंदणीदारांनाच’ या शब्दातील ‘च’चे.

भावाविषयी म्हणाल, तर ज्या प्रतींवर क्रमांक घातलेला असतो, उदाहरणार्थ ‘३०० पैकी ४७’, त्यांना संग्राहक जास्त किंमत देतात, कारण अशा प्रती वाढवता येत नाहीत. तसा क्रमांक नसेल तर सही किती प्रतींवर झाली हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या ग्रंथावर क्रमांक आहे का, ते पाहावे.

नावानिशी केलेल्या सहीची गोष्ट आणखी वेगळी आहे. बाजारात अशा प्रतीला बहुधा कमी भाव येतो, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याचे नाव नको असते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मी एकदा एक कवितासंग्रह उचलला. पहिल्या पानाचा वरचा भाग पट्टी धरून सरळ फाडलेला होता आणि उरलेल्या भागावर फक्त ‘यांस सप्रेम भेट’ आणि कवीची सही राहिली होती. ज्याला ती प्रत दिली, त्याने विकताना आपले नाव तेवढे सोडवून घेतले होते. तो संग्रह अजून माझ्याकडे आहे आणि तो मी का ठेवला, हे मला नीट सांगता येणार नाही. पण लेखक नाव घालून सही करतो तेव्हा तो त्या माणसाला काहीतरी देत असतो, हे मला त्या फाटलेल्या पानाने दाखवले.

उत्तर : अर्ज-विनंती

ग्राहक चळवळीत काम करत असल्यामुळे कायद्यापुरते लिहिते.

आपण पुस्तक स्वतःच्या वापरासाठी घेतले आहे, पुनर्विक्रीसाठी नाही. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण ग्राहक ठरता. पत्रकातील छापील वाक्ये ही जाहिरातच असते आणि जाहिरातीत कबूल केलेले न देणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडू शकते. तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते आणि बरेचदा तेवढ्याने मार्ग निघतो. पत्रक, पावती, पुडक्यावरची तारीख, चिठ्ठीचे आणि डागाचे छायाचित्र आणि शक्य असल्यास प्रदर्शनातील पिवळ्या पट्टीचे छायाचित्र, एवढे एका ठिकाणी ठेवावे.

तरीही माझा सल्ला असा आहे की आपण आधी प्रकाशकांना साधे पत्र लिहावे. आपण १,२०० रुपये दिले आणि प्रदर्शनात किंमत ९६० होती. अंतर २४० रुपयांचे आहे. एवढ्यासाठी लहान संस्थेला आयोगापुढे उभे करण्यात दोघांचाही वेळ जाईल. पैशांच्या फरकाचा आणि प्रत बदलून देण्याचा, असे दोन मुद्दे पत्रात वेगवेगळे मांडा. ‘सवलतीची मुदत संपल्यावर छापील किमतीसच मिळेल’ हे वाक्य जसेच्या तसे उतरवा. सहीचा मुद्दा वादाचा होऊ शकतो, किमतीचा होऊ शकत नाही.

विषयाला जोडून एक गोष्ट सांगते, कारण लेखकाला या सगळ्यात काय मिळते असे मला पुष्कळदा विचारतात. स्वाक्षरांकित प्रत पुढे कितीही भावाने विकली गेली तरी लेखकाला त्यातून काही मिळत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात पुनर्विक्रीतील वाट्याची तरतूद आहे, पण ती मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा मूळ हस्तलिखित यांना आणि दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला लागू होते. छापील पुस्तकावरच्या सहीला ती लागू नाही.

उत्तर : मिरजेची लेक

माझे वडील स्थानिक इतिहासावर लिहीत असत. त्यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी चारशे कोरी पाने सहीसाठी पाठवली होती. वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा हात कापत असे. पहिल्या दिवशी पस्तीस पानांनंतर त्यांनी पेन खाली ठेवले. मी म्हटले की नुसती आद्याक्षरे करा. ते म्हणाले, नको, लोकांनी पूर्ण नावाच्या माणसाला पैसे पाठवले आहेत.

त्यांनी प्रकाशकांकडून नोंदणीदारांची यादी मागवून घेतली. प्रत्येक पानावर आधी वाचकाचे नाव आणि गाव लिहायचे, मग सही. अकरा दिवस लागले. त्यात काही पाने शाई सांडून फुकट गेली, ती मी पुन्हा मागवली. यादी वाचताना ते मधेच थांबत आणि म्हणत, अरे, म्हसवडहून चार जण आहेत. त्यांच्या दृष्टीने ते चारशे लोक म्हणजे पुस्तक निघण्याआधीच त्यावर विश्वास टाकलेली माणसे होती. नंतर कार्यक्रमांतून त्यांनी कित्येकांना सह्या दिल्या, पण नाव-गाव घातलेले पान त्या चारशे जणांपाशीच राहिले.

म्हणून मला वाटते की प्रश्नकर्त्यांनी लेखकांनाही स्वतंत्र पत्र लिहावे. पत्रकात काय छापले होते आणि प्रदर्शनात काय झाले, हे त्यांना ठाऊक नसण्याची बरीच शक्यता आहे. सह्या मागितल्या, त्यांनी केल्या, एवढेच त्यांच्या बाजूने घडले असेल.

प्रश्नकर्त्यांचे उत्तर : बंदरवाट

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांमुळे माझ्या मनातील गोंधळ बराच सुटला.

चिठ्ठी कोणत्या अडचणीतून आली ते खिळे आणि शाई यांच्यामुळे समजले आणि तिच्याविषयीचा माझा राग गेला. दालनात उभ्या असलेल्या कोणा वाचकाला लेखकांनी सही दिली, तर तिच्यावर माझा हक्क नाही, हेही मला मान्य आहे. मात्र सवलतीचा मुद्दा मी सोडणार नाही. ग्रंथावर क्रमांक आहे का, ते पाहिले. चिठ्ठीवर नाही आणि ग्रंथातही कोठे नाही.

काल मी दोन पत्रे पाठवली. प्रकाशकांना स्पीड पोस्टाने, पत्रक आणि पावतीच्या प्रती जोडून. त्यात २४० रुपये परत मागितले आहेत आणि ते केवळ मला देऊन प्रश्न मिटवू नये, पत्रकावर विसंबून नोंदणी केलेल्या सर्वांना द्यावेत, असे लिहिले आहे. नोंदणीदारांपैकी किती जणांनी ते प्रदर्शन पाहिले असेल हे मला माहीत नाही. गावोगावच्या लोकांना तर हे कळलेलेही नसेल. पुढील आवृत्ती निघाल्यास तिच्यात नोंदणीदारांची नावे आणि गावे छापावीत, अशी विनंतीही केली आहे.

दुसरे पत्र लेखकांना. त्यात तक्रार थोडक्यात सांगितली आणि बाकीचे सगळे ग्रंथाविषयीच लिहिले. दुसऱ्या खंडातील माझ्या आजोळच्या बंदराच्या नकाशात जकात नाक्याची जागा खाडीच्या उत्तर तीरावर दाखवली आहे. माझ्या आजोबांच्या कागदपत्रांत ती दक्षिण तीरावर आहे. त्या कागदाची छायाप्रत पत्रासोबत जोडली आहे.

या ग्रंथाची प्रकाशनपूर्व नोंदणी केलेले आणखी कोणी येथे असतील, तर त्यांनी आपली पावती आणि पत्रक जपून ठेवावे आणि त्यांच्या प्रतीत सही कोणत्या पानावर आहे, ते कृपया येथे लिहावे.